कलेच्या इतिहासाला एटीकेटी

मी एका कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टीचे काही नाही, आणि जे मिळायचे तेही चार-चार, सहा-सहा महिने तुंबून येतात. आमच्याकडे या विषयाला कुणी 'कलेचा इतिहास' म्हणत नाही. 'थिअरी' म्हणतात. पेंटिंगचे सर मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात, "थिअरी काय, पास होण्यापुरती करा. हात चालला पाहिजे." मुलं गुरूची आज्ञा पाळतात. नोट्सच्या झेरॉक्स काढतात, आदल्या रात्री पाठ करतात, सकाळी पेपरात ओकतात आणि दुपारी विसरतात.

गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला या विषयात एटीकेटी लागली. पेपर मीच तपासला होता. 'भाजे येथील चैत्यगृहावर टीप लिहा' या पाच गुणांच्या प्रश्नाखाली त्यानं चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात शतक नव्हतं, खांबांची संख्या नव्हती. नमुना उत्तरात जे मुद्दे होते त्यातला एकच होता. मी एक गुण दिला. नियमानुसार बरोबरच होतं ते.

नंतर त्याच मुलाबरोबर मी भाज्याला गेले, आणि तिथे माझी लाज निघाली. ते सांगतेच. पण आधी मला थोडं भांडायचंय.

*

पहिलं भांडण 'स्कोप'वाल्यांशी.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मी एम. ए.ला कलेचा इतिहास घेणार म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. काका बोलले. "याला स्कोप काय?" तेव्हापासून आजवर मला हा प्रश्न नातेवाइकांनी विचारलाय, बँकेतल्या साहेबांनी विचारलाय, लग्नासाठी बघायला आलेल्यांनी तर पोहे संपायच्या आत विचारलाय.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असंही नाही. जानेवारी २०१४मध्ये बराक ओबामा भाषणात म्हणाले होते, कलेच्या इतिहासाच्या पदवीपेक्षा कारखान्यातल्या कुशल कामात जास्त पैसे मिळू शकतात. नंतर टेक्सासमधल्या एका प्राध्यापिकेनं निषेधाचं पत्र पाठवल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून माफी मागितली. इंग्लंडमध्ये २०१६ साली बारावीच्या पातळीच्या ए-लेव्हल परीक्षेतून हा विषय काढून टाकायचं ठरलं. आरडाओरडा झाला, तेव्हा दुसऱ्या परीक्षा मंडळानं तो उचलला. मला या बातमीचा हेवा वाटला होता. विषय बंद पाडायला तो आधी चालू असावा लागतो! आपल्याकडे बारावीपर्यंत शिकलेल्या मुलाला कलेचा इतिहास नावाचं काही असतं याची खबरही नसते.

खोटं बोलणार नाही, पैसे कमी आहेत. मी स्वतः त्याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. पण हा स्कोप गेला कुठे, तेही विचारा की. जागा भरायच्या नाहीत, असलेल्या जागांवर तासिकावाले बसवायचे, विद्यापीठात विभाग काढायचे नाहीत, संग्रहालयांत माणसं नेमायची नाहीत, आणि मग मुलांना सांगायचं, बाळांनो, या विषयाला स्कोप नाही. विहिरीत पाणी येऊ द्यायचं नाही आणि वर पोहऱ्याला नावं ठेवायची, असला हा प्रकार आहे.

आणि हे कुठल्या राज्यात चाललंय? अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली. घारापुरी १९८७ साली. मुंबईचं सीएसएमटी स्टेशन २००४मध्ये, मुंबईतल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८मध्ये, आणि २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. किल्ल्यांची बातमी आली त्या दिवशी माझ्या फोनमधल्या निम्म्या लोकांचं स्टेटस भगवं होतं. मलाही आनंद झाला होता. पण यादीत नाव आलं की स्टेटस ठेवायचं, आणि तिथे जाऊन नेमकं काय बघायचं हे शिकवणारा विषय एखाद्या पोरीनं घेतला की तिला स्कोप विचारायचा, हे दोन्ही एकाच तोंडानं कसं जमतं?

*

दुसरं भांडण आमच्याच स्टाफरूममधलं. 'हात चालला पाहिजे' म्हणणाऱ्यांशी.

सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. पुढे तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून जवळजवळ तेरा वर्षं, मोसमामागून मोसम, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखी मुलं लेण्यांत बसून भिंतीवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करायची. हेतू साहेबाचा होता, नकला लंडनला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा १८८५च्या आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिलनं केलेल्या बहुतेक नकलाही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या मुलांना थिअरी वेगळी आणि प्रॅक्टिकल वेगळं असं कुणी सांगितलं नव्हतं. एका बोटाची मुद्रा उतरवायची तर ते बोट किती वेळ बघावं लागतं, हे त्यांना कळलं होतं. आज त्याच राज्यात चित्रकलेची पदवी घेणारी मुलं अजिंठ्याची तीच दोन-तीन चित्रं झेरॉक्सवर बघतात. काळी-पांढरी झेरॉक्स. पद्मपाणीचा रंग कोणता, असं विचारलं तर 'करडा' म्हणतील, आणि त्यांची चूक नसेल.

मी स्वतः अशीच पदवी घेतली. चार वर्षांत आम्हाला एकदाही कुठल्या लेण्यात, देवळात किंवा संग्रहालयात 'या विषयासाठी' नेलं नाही. सहल गेली होती, पण तिथे आम्ही लँडस्केप केलं. इजिप्त, ग्रीस, रोम, मग रेनेसाँस, मग एक तास 'भारतीय कला', असा क्रम. नोट्स दोन पिढ्यांपूर्वी कुणीतरी इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेल्या, त्यांच्या नकला होत होत त्यात एका राजाचं नाव दोन तऱ्हेनं आलेलं. कुणालाच शंका आली नाही, कारण कुणाला कधी उलटून बघायचंच नव्हतं.

पुढे एम. ए.ला मी महाराष्ट्राबाहेर गेले. तेव्हा शोध घेतला होता, आपल्या राज्यात मराठीतून हा विषय मुख्य म्हणून शिकवणारं काही आहे का. मला काही सापडलं नाही. बडोद्याला १९५०मध्ये ललित कला विभाग निघाला आणि तिथे चित्र काढणं आणि चित्राचा इतिहास शिकणं शेजारी-शेजारी बसवलं गेलं. आपल्या मुलांनी गेली सत्तर वर्षं सयाजीरावांच्या गावाची गाडी पकडावी आणि आपण इथे बसून त्यांचं कौतुक करावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

*

आता भाजे.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसा आणि मळवलीला उतरा. तिकीट एका वडापावाच्या आसपास. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. लोहगड, विसापूर, भाज्याचा धबधबा. सगळ्यांच्या पाठीवर सॅक आणि हातात फोन. मी या विषयाची मंत्री असते तर याच स्टेशनवर विभाग काढला असता. एका बाजूला भाज्याची लेणी, सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. दुसऱ्या बाजूला हायवे ओलांडून कार्ल्याचं चैत्यगृह, त्यानंतर साधारण दोनशे वर्षांनी कोरलेलं. आणि याच मळवलीजवळ राजा रविवर्मांचा छापखाना होता. तो १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला, १८९९च्या सुमारास इकडे आला, १९०१मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. तुमच्या आजीच्या देवघरातली कमळावरची लक्ष्मी ज्या छापील लक्ष्मीची पणती आहे, ती या छापखान्यातून घराघरांत गेली. रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलेला एक तरुण पुढे धुंडिराज गोविंद फाळके म्हणून प्रसिद्ध झाला आणि १९१३मध्ये त्यानं 'राजा हरिश्चंद्र' काढला. लेणी, कॅलेंडर आणि सिनेमा, एका स्टेशनवर. आमच्या अभ्यासक्रमात यातलं पहिलं पाच गुणांना आहे. उरलेली दोन नाहीत.

मी सात मुलांना घेऊन गेले. कॉलेजचा संबंध नाही, रविवारी, आपापल्या पैशांनी. एटीकेटीवाला आला होता. त्याचे वडील सुतार आहेत, सुट्टीत तो त्यांच्याबरोबर कामाला जातो.

भाज्याच्या चैत्यगृहात आपण समोरून बघतो तेव्हा खांबांच्या दोन रांगा दिसतात. मी माझं नेहमीचं सुरू केलं. "हे अष्टकोनी खांब, हा स्तूप, हे छत. लाकडी वास्तूचं दगडात केलेलं अनुकरण." हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. तो मुलगा खांबाला डोळा लावून उभा होता, सुतार फळी सरळ आहे का बघतात तसा.

"मॅडम, हे खांब आत कललेत."

"हो, थोडे आहेत."

"थोडे नाही, चांगले कललेत. आमच्या जुन्या घराच्या पडवीचे असेच आहेत. छपराचा भार आला ना, की लाकडी खांब बाहेर ढकलला जातो. म्हणून उभा करतानाच आत घ्यायचा." मग थांबून म्हणाला, "पण दगडाला काय गरज? हा तर डोंगरातच आहे. हा कुठे सरकणारे?"

दगडाला काय गरज. मी पाच वर्षं हे लेणं शिकवते. 'लाकडी वास्तूचं अनुकरण' हे मुलांकडून पाठ करून घेते. पण या वाक्यात दडलेला प्रश्न मी कधी वर्गात विचारला नव्हता. गरज नसताना कोरणाऱ्यानं खांब कलते ठेवले, कारण त्याच्या डोक्यात घर म्हणजे लाकडाचं घर होतं आणि घराचे खांब कलतेच असतात. त्या काळची लाकडी सभागृहं उन्हापावसात कधीच संपली. ती कशी होती हे आज आपल्याला सांगतो तो हा दगड. मग त्या मुलानं पुढच्या भागातल्या खाचा दाखवल्या. इथे लाकूड बसवलेलं असणार, म्हणाला. बरोबर होतं. भाज्याचा दर्शनी भाग लाकडी होता, तो गेला, खाचा राहिल्या.

दुपारी आम्ही कार्ल्याला गेलो. एकवीरेच्या देवळासमोर गर्दी होती, कोळीवाड्यांतून आलेल्या बायका ओट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. चैत्यगृहात शिरल्या शिरल्या त्यानं पहिल्यांदा खांब बघितले.

"मॅडम, इथे सरळ आहेत."

"मग?"

"मग हे नंतरचं. तोपर्यंत यांना कळलं असणार, दगडाला गरज नाही."

जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांचा 'केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ १८८०मध्ये निघाला. पश्चिम भारतातल्या लेण्यांचा कालक्रम लावताना त्यांनी जे पुरावे वापरले, त्यात खांबांचा हा कलही होता. कल जेवढा जास्त, तेवढी लाकडाची सवय ताजी आणि तेवढं लेणं जुनं. म्हणजे ज्याला मी एक गुण देऊन नापास केलं होतं, त्यानं कुठलंही पुस्तक न वाचता एका दिवसात, दोन लेणी बघून, हा विषय ज्या पायावर उभा राहिला त्यातला एक दगड स्वतः रचला होता. आणि त्याला एटीकेटी होती. मी दिलेली.

कार्ल्याला मी त्याला आणखी एक गोष्ट दाखवली. दर्शनी भिंतीवर आणि आतल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे, हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे असं अभिमानानं सांगणारा. धेनुकाकट गावचे यवन आहेत. त्याच गावचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. आणि दाराच्या कामाशी जोडलेलं एक नाव आहे, वेणुवासाचा मुलगा सामी. धंदा, सुतार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव ब्राह्मीत, भिंतीवर, अजून वाचता येतं. तो मुलगा बराच वेळ तिथे उभा राहिला. मग त्यानं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, तर रेंज नव्हती.

*

कलेचा इतिहास म्हणजे माझ्या लेखी एवढंच. बघायचं, काय दिसलं ते नीट सांगायचं, ते तसंच का आहे असं विचारायचं, आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन पडताळायचं. वॉल्टर स्पिंक हे अमेरिकन अभ्यासक आयुष्यभर अजिंठ्याला येत राहिले. त्यांनी काय बघितलं? दारं. दाराची फळी ज्या खाचेत फिरते ती खाच कुठल्या लेण्यात कशी आहे, हे मोजत, नोंदवत बसले. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून त्यांनी मांडलं की अजिंठ्याचा नंतरचा मोठा भाग वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, जेमतेम वीसेक वर्षांत झाला. सगळ्यांना ते पटत नाही, आजही वाद आहे. पण वाद घालायचा तर तुम्हालाही जाऊन खाचच बघावी लागते. या विषयात मोठ्या आवाजाला गुण नाहीत.

आणि म्हणूनच हा विषय आज पाहिजे. मी हे फोनवर वाचणाऱ्यांना सांगतेय. तुमच्या अंगठ्याखालून दिवसाला शेकडो चित्रं सरकतात. त्यातली किती आपण बघतो?

भाज्याच्याच एका विहारात एक शिल्प आहे, एक बाई दोन उभे वाद्यप्रकार वाजवतेय आणि शेजारी नर्तकी आहे. हे शिल्प 'तबला दोन हजार वर्षं जुना असल्याचा पुरावा' म्हणून फोनवर फिरतं. जाऊन बघा. दोन तालवाद्यं आहेत हे खरं, हातांनी वाजवतेय हेही खरं. पण दोन तालवाद्यं म्हणजे तबला-डग्गा होत नाही. उभ्या वाद्यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तबला आज जसा आहे तसा अठराव्या शतकात घडत गेला. शिल्पाची किंमत यानं कमी होत नाही, उलट वाढते. पण ज्याला फक्त 'आपण पहिले' हे सिद्ध करायचंय, त्याला शिल्प बघायचंच नसतं. त्याला शिल्पाचा फोटो हवा असतो. त्याच विहारात रथातला आणि हत्तीवरचा असे दोन पुरुष आहेत. ते सूर्य आणि इंद्र असं अनेक वर्षं सांगितलं गेलं, काही अभ्यासकांना ते पटत नाही. तिथे लावायला फलक लिहायचा झाला तर कोण लिहिणार? ज्यानं हा वाद वाचलाय तो, की ज्याच्या ओळखी आहेत तो?

आणखी जवळचं उदाहरण देते. एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जायचं, ते इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांतून महाराजांचं समकालीन चित्र शोधून काढलं, तेव्हा ही चूक सुधारली. महाराजांवर प्रेम करणारे लाखो होते. चूक दुरुस्त केली ती चित्राला 'तू कोण? कुठून आलास? कुणी काढलं?' असे प्रश्न विचारणाऱ्या एकानं. आता तर मशीन दोन सेकंदांत कुणाचंही चित्र बनवून देतं. असे प्रश्न विचारणारी माणसं आपण कुठे तयार करतोय, हे मला कुणीतरी सांगावं.

मार्च २०२५मध्ये पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात जवळजवळ ११८ कोटींना गेलं. मी वाचलेल्या मराठी बातम्यांत आकडा मथळ्यात होता, मजकुरात होता, शेवटीही होता. १९५४मध्ये काढलेल्या त्या लांबलचक चित्रात गावाकडची तेरा दृश्यं आहेत, त्यात काय चाललंय, एवढी वर्षं ते ऑस्लोच्या एका इस्पितळात का टांगलेलं होतं, यात कुणाला फार रस नव्हता. पत्रकारांना तरी काय बोलायचं? त्यांना चित्राबद्दल लिहायला शिकवलं कुणी?

*

तिसरं भांडण माझ्याच जातभाईंशी. कलेचा इतिहास शिकलेल्यांशी. म्हणजे माझ्याशीही.

एम. ए.ला पहिल्या सत्रात मी इंग्रजीनं गुदमरले होते. दुसऱ्या सत्रात ते बोलायला शिकले आणि तिसऱ्यात मला त्याची चटक लागली. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय शिकता गं तुम्ही तिकडे?" मला मराठीत एक वाक्य नीट सांगता आलं नाही. कंडक्टरच्या नोकरीत त्यांनी नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्यावरून हजारदा गाडी नेली होती. ती पांडवांची नाहीत, भिंतीवर गौतमी बलश्रीचं नाव आहे, नहपानाचा जावई उषवदात यानं विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं व्याजानं ठेवली आणि त्या व्याजातून भिक्खूंच्या कपड्याची सोय केली तेही तिथे कोरलंय, एवढं तरी मी सांगू शकले असते. एसटीच्या पतपेढीचा सभासद असलेल्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव लगेच कळली असती. मी सांगितलं नाही. मला वाटलं होतं, हे फार साधं आहे.

मराठीत हे लिहिता येत नाही असं कुणी म्हणू नये. द. ग. गोडसे नेपथ्यकार होते, त्यांनी 'पोत' मराठीत लिहिलं. प्रभाकर बरवे यांनी 'कोरा कॅनव्हास' मराठीत लिहिलं. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी दृश्यकलेचा जाडजूड चरित्रकोश मराठीत संपादित केला. भाषा तयार आहे. विद्यापीठं तिला वर्गात घेत नाहीत आणि आम्ही पदवीवाले तिच्यात लिहायला लाजतो. परिसंवादात 'दृश्यसंस्कृती'वर वीस मिनिटं इंग्रजी बोलायचं आणि कार्ल्याच्या पायऱ्यांवर ओटीचं ताट घेऊन चढणाऱ्या बाईशी त्या भिंतीबद्दल एक शब्द बोलायचा नाही, मग लोकांनी आपल्याला स्कोप का द्यावा?

*

तर माझ्या मागण्या. फार नाहीत.

कला महाविद्यालयांच्या परीक्षेत या विषयाचे निम्मे गुण प्रत्यक्ष बघून लिहिण्याला द्या. मुलाला एका वस्तूसमोर उभं करा, लेणं, देऊळ, वाडा, गावातला पुतळा, काहीही, आणि दोन तास द्या. नोट्सवाले तिथे उघडे पडतील, माझ्यासारख्या शिक्षकांसकट.

प्रश्नपत्रिका आणि वाचायचं साहित्य मराठीत द्या. इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा, पण तिला दारावरचा पहारेकरी करू नका.

महाराष्ट्रातल्या मोठ्या विद्यापीठांत कलेच्या इतिहासाचा एकेक विभाग काढा, आणि त्यात कायम माणसं नेमा. तासिकेवर ठेवलेली बाई मुलांना मळवलीला नेते तो तिचा पगार नसलेला दिवस असतो. हे किती वर्षं चालेल, मलाही माहीत नाही. शेजारच्या गल्लीत ग्राफिक डिझाइनचा क्लास निघालाय, ते महिन्याला माझ्या दुप्पट देतात आणि वेळेवर देतात.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्यांना. मळवलीला उतरा. तुम्ही तसेही उतरता. धबधब्याकडे जाताना अर्धा तास चैत्यगृहात काढा, सेल्फी काढून झाल्यावर फोन खिशात ठेवा आणि खांबाला डोळा लावा.

एटीकेटीची परीक्षा गेल्या महिन्यात झाली. पेपर पुन्हा माझ्याचकडे आला. प्रश्न तोच होता, भाज्यावर टीप, गुण पाच. नमुना उत्तरही तेच. त्यानं या वेळी दीड पान लिहिलं होतं, मराठीत, खांबांच्या कलाविषयी, खाचांविषयी आणि कार्ल्याविषयी, शेवटी पडवीची एक छोटी आकृती. शतक चुकवलं होतं. खांबांची संख्या दिलीच नव्हती. नमुना उत्तराप्रमाणे दोन गुण होत होते.

मी पाचपैकी पाच दिले आहेत. कुणी विचारलं तर हा लेख दाखवणार आहे.